न पाठवलेल्या विनंतीची नोंद

एकाच स्रोताकडून अनेक ठिकाणी तीच माहिती पोहोचवायची असेल, तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत पाठवल्याने जाळ्यावर विनाकारण भार पडतो. मल्टिकास्ट पद्धतीत स्रोत एकच पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, सोडतो आणि वाटा जिथे फुटतात तिथला राउटर त्याच्या प्रती काढून पुढे धाडतो. स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेली ही पद्धत १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली, आणि २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे इंटरनेटचे पत्ते अशा गटांसाठी राखलेले आहेत. मात्र सोडलेले पॅकेट प्रत्येकाला मिळेलच, अशी हमी त्यात नाही. ती हमी देण्यासाठी वर आणखी एक प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे नियम, रचावा लागतो, आणि त्याची पारख करताना कशाची नोंद ठेवायची हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

दोन संगणकांच्या संवादात टीसीपी हा इंटरनेटवरचा नेहमीचा प्रोटोकॉल प्रत्येक पॅकेटची पोच घेतो. ऐकणारे हजार असतील तर पोचपावत्यांच्या पुराखाली स्रोतच दबून जाईल. म्हणून विश्वसनीय मल्टिकास्टमध्ये जबाबदारी उलटी केलेली असते: ज्याला पॅकेट मिळाले नाही त्याने ते मागायचे. पण पॅकेट स्रोताजवळच हरवले, तर सगळेच ते एकदम मागतील. सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या एसआरएम या प्रोटोकॉलने यावर सुंदर उपाय काढला. पॅकेट चुकल्याचे कळताच प्रत्येक ग्राहक यादृच्छिक मुदतीचा टायमर लावतो. मुदत संपण्याआधी दुसऱ्याची विनंती ऐकू आली, तर तो आपली विनंती थांबवून टायमर जास्त मुदतीने पुन्हा लावतो. ही मागणी पूर्ण करण्याचे काम स्रोतानेच केले पाहिजे असेही नाही. ज्याच्याकडे ते पॅकेट आहे असा कोणताही सदस्य ते पुरवू शकतो, आणि तिथेही असाच टायमर असतो.

एखाद्या सोसायटीत रात्री दिवे गेले आणि कोणीतरी तक्रार केल्याचे जिन्यात ऐकू आले, की बाकीचे फोन उचलत नाहीत. तक्रारवहीत एकच नोंद उरते. आणखी किती जण फोन करणार होते आणि ते का थांबले, हे त्या वहीवरून कधीच कळत नाही. विश्वसनीय मल्टिकास्टच्या अभ्यासातली मुख्य अडचण नेमकी हीच आहे. या प्रोटोकॉलचे यश न पाठवलेल्या विनंत्यांमध्ये असते, आणि नेहमीचा ट्रेस, म्हणजे प्रयोगातल्या घटनांची नोंद, फक्त पाठवलेल्या पॅकेटचा असतो.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी एनएस-२ आणि २००८ पासून उपलब्ध असलेले एनएस-३ ही सिम्युलेटर (जाळ्याचे वागणे संगणकात आभासी रूपात चालवून पाहणारे प्रोग्रॅम) वापरणारे अनेक विद्यार्थी आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एनएस-२ च्या ट्रेस फाइलमधली प्रत्येक ओळ एका घटनेची असते: पॅकेट रांगेत शिरले तर अधिकचे चिन्ह, रांगेतून निघाले तर उणेचे, पोहोचले तर 'आर', गळाले तर 'डी'. पुढे वेळ, दोन नोड (जाळ्यातले संगणक किंवा राउटर), पॅकेटचा प्रकार, आकार, पत्ते आणि क्रमांक येतात. टीसीपीच्या प्रयोगाला एवढे बहुधा पुरते, पण एसआरएमला पुरत नाही. म्हणूनच एनएस-२ मधल्या एसआरएमच्या भागात स्वतंत्र नोंदीची सोय केलेली आहे. पॅकेट चुकल्याचे कधी कळले, टायमर कोणत्या मर्यादांमध्ये आणि किती मुदतीचा लागला, विनंती गेली की दुसऱ्याची ऐकू आली, दुरुस्ती, म्हणजे हरवलेले पॅकेट, केव्हा मिळाली, ही मागणीची कितवी फेरी होती, हे सारे तिच्यात उतरते. थोडक्यात, ही नोंद निर्णयांची असते.

याने काय साधते ते पुण्याच्या नकाशावर मांडलेल्या एका काल्पनिक जाळ्यात पाहू. गणेशखिंडीत स्रोत आहे, आणि तिथून शिवाजीनगर, स्वारगेट, हडपसर अशी सरळ साखळी आहे. मोजणी सोपी राहावी म्हणून प्रत्येक टप्प्याची फायबर ५ किलोमीटर धरू आणि बाकीचे विलंब सोडून देऊ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका टप्प्याला २५ मायक्रोसेकंद लागतात. एसआरएममध्ये स्रोतापासूनच्या विलंबाला एका स्थिरांकाने गुणून मुदतीची खालची मर्यादा मिळते आणि दुसऱ्या स्थिरांकाने गुणून मुदतीची रुंदी, म्हणजे खालच्या आणि वरच्या मर्यादेतले अंतर, ठरते. दोन्ही स्थिरांक २ घेऊ. पहिल्याच टप्प्यात पॅकेट गळाले, तर शिवाजीनगरचा टायमर चूक कळल्यापासून ५० ते १०० मायक्रोसेकंदांत वाजेल आणि त्याची विनंती स्वारगेटला ७५ ते १२५ मायक्रोसेकंदांच्या दरम्यान पोहोचेल. स्वारगेटला चूक २५ मायक्रोसेकंद उशिरा कळते आणि त्याचा टायमर त्यानंतर १०० ते २०० मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे तो १२५ च्या आधी वाजूच शकत नाही. हडपसरला तर आणखी सवड मिळते. साखळीत अंतरामुळेच क्रम लागतो आणि विनंती एकच जाते.

आता रचना बदलू. स्रोतापासून ५ किलोमीटरवर एक मध्यवर्ती राउटर आणि त्याच्यापासून प्रत्येकी ५ किलोमीटरवर कोथरूड, कात्रज, हडपसर, औंध असे एकूण वीस ग्राहक, आणि पॅकेट गळाले ते स्रोत आणि राउटर यांच्यामध्ये. सगळ्यांना चूक एकाच क्षणी कळते आणि सगळ्यांची मुदत १०० ते २०० मायक्रोसेकंद असते. पहिली विनंती इतरांकडे पोहोचायला ५० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे टायमर वाजून जातात. वीस ग्राहकांमागे दहाच्या आसपास विनंत्या निघतात. पॅकेटच्या ट्रेसमध्ये या दहा विनंत्या दिसतात आणि प्रोटोकॉल वाईट असल्याचा ग्रह होतो. टायमरच्या नोंदी पाहिल्या की कारण समोर येते: इथे अंतराचा उपयोग नाही, भिस्त केवळ यादृच्छिकतेवर आहे, आणि मुदतीची रुंदी विनंतीच्या प्रवासाच्या मानाने अपुरी आहे. रुंदी वाढवली तर विनंत्या घटतील, पण दुरुस्तीला उशीर होईल. प्रकल्पाच्या अहवालात विनंत्यांच्या संख्येचा नुसता आलेख देण्यापेक्षा ही ओढाताण दाखवणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

या उदाहरणातला सगळा व्यवहार एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो. ट्रेसमध्ये वेळ सेकंदाच्या तीनच दशांश स्थळांपर्यंत छापली, तर साऱ्या ओळींवर जवळपास एकच वेळ येईल आणि कोणी कोणाचे ऐकून थांबले हे सांगता येणार नाही. एनएस-३ मध्ये वेळ मुळात नॅनोसेकंदांच्या पूर्णांकात ठेवलेली असते; फाइलमध्ये लिहिताना ती अचूकता गमावू नये.

ओळख कशावरून पटवायची, हेही आधी ठरवावे लागते. सिम्युलेटर प्रत्येक पॅकेटला स्वतःचा क्रमांक देतो, पण फाट्यावर निघालेल्या प्रतींवर तोच क्रमांक राहतो, तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याच नोडने पाठवलेले पॅकेट नवा क्रमांक घेऊन निघते. म्हणून नोंदीची किल्ली मूळ स्रोत आणि त्याने मजकुराला दिलेला अनुक्रमांक ही जोडी असावी. तसेच वरच्या लिंकवर गळालेल्या एका पॅकेटची 'डी' ही एकच ओळ उमटते, पण तिच्याखालच्या सगळ्या ग्राहकांचे नुकसान झालेले असते. ओळी मोजून काढलेले नुकसानीचे प्रमाण त्यामुळे दिशाभूल करते.

सगळेच लिहून ठेवू म्हटले तर फाइल आवरत नाही. शंभर लिंक, प्रत्येकीवरून सेकंदाला हजार पॅकेट, प्रत्येक पॅकेटच्या तीन ओळी आणि ओळीला ६० बाइट धरले, तर सिम्युलेशनमधल्या एका सेकंदाला १८ मेगाबाइट, दहा मिनिटांना जवळपास ११ गिगाबाइट होतात. निर्णयांची नोंद केवळ नुकसान झाल्यावरच होत असल्याने त्यामानाने फारच लहान राहते. जागा वाचवायची तर पॅकेटच्या ओळी निवडक लिंकपुरत्या ठेवाव्यात, टायमरच्या ओळींना कात्री लावू नये.

सिम्युलेशनमध्ये आणखी एक मोठी सोय आहे. कितीही लिहिले तरी आभासी घड्याळ पुढे सरकत नाही, आणि ते घड्याळ सगळ्या नोडना एकच असते. खऱ्या जाळ्यात या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. मात्र नोंद करणाऱ्या कोडने टायमरच्याच यादृच्छिक मालिकेतून एखादी संख्या उचलली, तर पुढचा सारा प्रयोग बदलतो. सीड (यादृच्छिक मालिका जिथून सुरू होते तो आकडा) आणि रनचा, म्हणजे प्रयोगाच्या फेरीचा, क्रमांक फाइलच्या डोक्यावर लिहिलेला असावा आणि नोंद बंद ठेवून केलेल्या रनशी निकाल ताडून पाहावा.

एसआरएमनंतर आलेल्या प्रोटोकॉलमध्ये नोंदीचे रकानेही बदलतात. २००९ च्या आरएफसी ५७४० मधला नॉर्म हा प्रोटोकॉल पॅकेटचे गट करून गटातल्या सगळ्या पॅकेटवरून गणिताने दुरुस्तीची सांकेतिक पॅकेट बनवतो. एका गटातली तीन वेगवेगळी पॅकेट तीन ग्राहकांकडे हरवली असतील, तर एकच सांकेतिक पॅकेट तिघांचीही उणीव भरून काढते. इथे गटाचा क्रमांक, त्या ग्राहकाकडे किती पॅकेट कमी आहेत आणि सांकेतिक पॅकेट आल्यावर किती कमी उरली, हे लिहावे लागते. एसआरएमसाठी लिहिलेला विश्लेषणाचा प्रोग्रॅम नॉर्मच्या नोंदीवर चालवला, तर त्याला तीन नुकसानी आणि एक दुरुस्ती दिसेल, आणि पूर्ण पोहोचलेला मजकूर तो अपुरा ठरवील.