वेस्टरब्रो म्हणजे नोरेब्रो नव्हे

कोपनहेगन पाहून आलेली मंडळी सांगतात, ‘आम्ही नोरेब्रोतच उतरलो होतो, ते नाही का, सगळ्या देशांच्या लोकांचं!’ आणि फोटो दाखवतात इस्टेडगेडेचे. इस्टेडगेडे वेस्टरब्रो या शहरातल्या दुसऱ्याच वस्तीत आहे. मुख्य रेल्वे स्थानकाच्या मागच्या दारानं बाहेर पडलं की हा रस्ता लागतो. स्वस्तातली हॉटेलं त्याच्या आजूबाजूला असल्यामुळे आपला पर्यटक तिथेच उतरतो, हलालची पाटी आणि भाजीवाल्याचा अरबी फलक पाहतो आणि निष्कर्ष काढून मोकळा होतो.

वेस्टरब्रोच्या खुणा अशा. जुना मांसबाजार कोडब्यून, जिथे आता रेस्टॉरंटं आहेत. एकेकाळचा बदनाम इस्टेडगेडे. टोकाला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीचं हत्तींचं दार. नोरेब्रो तिथून उत्तरेला, तळ्यांच्या पलीकडे. पोस्टाचा क्रमांक 2200, मधून जाणारा मुख्य रस्ता नोरेब्रोगेडे. नकाशाचा भाग एवढाच.

खरा घोटाळा वेगळा आहे. दोन्ही वस्त्या जन्मानं सारख्याच. शहराच्या तटबंदीबाहेर बांधायची बंदी 1852मध्ये सैल झाली आणि दोन्हीकडे मजुरांसाठी चार-पाच मजली इमारती दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. लहान घरं, अंधारी मागची अंगणं, घरात न्हाणी नाही. 1960च्या दशकाच्या शेवटी तुर्कस्तान, पाकिस्तान आणि युगोस्लाव्हियातून कामगार आले, तेव्हा त्यांना परवडतील अशा जुन्या खोल्या दोन्हीकडे होत्या. म्हणजे तेव्हा कुणी या दोघांत गल्लत केली असती तर ती चालून गेली असती. आज का चालत नाही, तर पालिकेनं दोघांना दोन वेगळी औषधं दिली.

नोरेब्रोवर बुलडोझर चालला. 1970च्या दशकात आतल्या नोरेब्रोतल्या ‘काळा चौकोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या गल्ल्याच्या गल्ल्या पाडून काँक्रीटच्या नव्या इमारती बांधल्या. रहिवासी चिडले. 1980मध्ये ‘ब्युगरेन’ हे मुलांचं खेळाचं मैदान हटवायला पालिका आली, तेव्हा पोलीस आणि रहिवासी रस्त्यावर भिडले. मैदान गेलंच. पण पाडलेल्या घरांच्या जागी जे आलं त्यात ‘आल्मेन’ घरं भरपूर होती, म्हणजे नफा न घेणाऱ्या गृहसंस्थांची भाड्याची घरं. तिथे प्रतीक्षायादी असते, आणि रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी काही वाटा गरजूंना द्यायचा हक्क पालिकेकडे असतो. त्यामुळे हातात पैसा नसलेलं कुटुंब, मग ते डॅनिश असो की लेबनॉन किंवा सोमालियातून आलेलं, तिथे टिकून राहू शकलं.

वेस्टरब्रोची पाळी आली 1990च्या दशकात. नोरेब्रोतल्या मारामाऱ्या पाहून शहाण्या झालेल्या पालिकेनं तिथे इमारती राखल्या. दर्शनी भिंती तशाच, आतली दोन घरं जोडून एक, त्यात न्हाणी, मागची शेडं पाडून हिरवी सामाईक अंगणं. काम देखणं झालं, हे मान्यच. पण घरं मोठी झाली तशी संख्येनं कमी झाली, आणि बरीच सहकारी मालकीची, ‘आन्डेल’ पद्धतीची होती. असं घर मिळवायला विकत घ्याव्या लागणाऱ्या भागांच्या (शेअर) किमती पुढे चढत गेल्या आणि गरीब माणूस हळूहळू बाहेर पडला. इस्टेडगेडेवरची दुकानं मागे राहिली, त्यांचं गिऱ्हाईक पांगलं. पाट्या मोजून वस्ती ओळखणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

आता उलटी चूकही नको. नोरेब्रो म्हणजे परदेशी लोकांचा कोंडवाडा नव्हे; तिथले बहुसंख्य रहिवासी डॅनिश वंशाचेच आहेत, आणि येगर्सबोर्गगेडेवर कॉफीचा भाव बघून घाम फुटतो. समस्याग्रस्त ठरवलेल्या वसाहतींच्या सरकारच्या वादग्रस्त ‘घेट्टो यादी’त नाव होतं ते म्योल्नरपार्केनसारख्या काही वसाहतींचं, अख्ख्या नोरेब्रोचं नाही. बातम्यांत हा फरक सरसकट गिळला जातो.

म्योल्नरपार्केनला लागून सुपरकीलेन हे उद्यान आहे, 2012मध्ये खुलं झालेलं. काळ्या डांबरावरच्या पांढऱ्या रेषांवर उभं राहून फोटो काढायचा आणि निघायचं, ही रीत झाली आहे. अहो, तिथली थायी बॉक्सिंगची रिंग, मोरोक्कोचं कारंजं, स्पेनचा बैल हे रहिवाशांना विचारून निवडलं आहे. काही वस्तू आणायला तर रहिवाशांचे गट त्या त्या देशात जाऊन आले. आणि या उद्यानाचा काळा भाग म्हणजे वर सांगितलेला ‘काळा चौकोन’ नव्हे. ते दोन वेगळ्या टोकांना आहेत.

माझं मत विचाराल तर जेवायला वेस्टरब्रो, बघायला नोरेब्रो. असिस्टन्स दफनभूमीत परीकथाकार अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या कबरी आहेत, आणि ऊन पडलं की लोक तिथेच गवतावर पडून पुस्तक वाचतात. थोडं पुढे याग्तवाय 69 हा पत्ता. तिथल्या कामगार सभागृहात 1910मध्ये जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी आंतरराष्ट्रीय महिला दिनाची कल्पना मांडली. पुढे ती इमारत तरुणांचं केंद्र बनली आणि 2007मध्ये दंगलींच्या गदारोळात पाडली गेली. पाटी शोधत बसणाऱ्यांना इमारत सापडणार नाही.

जाताना स्थानकांची नावं नीट वाचा. नोरेपोर्ट हे शहराच्या मध्यातलं गर्दीचं स्थानक, ते नोरेब्रोत नाहीच. मुख्य स्थानकावरून 2019मध्ये सुरू झालेली एम3 मेट्रो पकडा. दफनभूमीसाठी नोरेब्रोस रुनडेल, सुपरकीलेनसाठी त्याच्या पुढचं नोरेब्रो.