लाकडी होडीला जस्त भोवतं तेव्हा

जुनी लाकडी शिडाची होडी दुरुस्तीला काढली की सगळे आधी कुजलेल्या फळ्या शोधतात, आणि बहुतेक वेळा नको तिथे. ओलावा २० टक्क्यांच्या आत असला तर लाकडात बुरशी वाढत नाही आणि खारं पाणीही तिला फारसं मानवत नाही. म्हणून वर्षानुवर्षं समुद्रात बुडालेली फळी ठणठणीत निघते, आणि पावसाचं पाणी मुरलेली डेकखालची तुळई बोटाने कोरता येते.

पण कधीकधी पाण्याखालच्या एखाद्या ब्राँझच्या झडपेभोवतीच लाकूड मऊ पडलेलं असतं. बोल्टभोवती पांढरी भुकटी साचलेली, लाकडाचे तंतू पिंजल्यासारखे सुटे झालेले. हे बुरशीचं काम नाही. हा प्रताप विजेचा आहे.

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात ठेवून तारेने जोडले की बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, तेव्हा दोनच वर्षांत लोखंडी खिळे गंजून गेलेले आढळले. पुढे १८२४ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हीच गोष्ट उलटी वापरली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबं वाचलं. पण तांबं विरघळणं थांबल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या बुडाला शंख-शिंपले बिनधास्त चिकटू लागले.

जस्ताचे तुकडे आजही लावतात. मात्र जस्त ज्या धातूला वाचवतं, त्याच्या पृष्ठभागावर पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्यापासून हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली तयार होते. उघड्या पाण्यात ती वाहून जाते. ओल्या लाकडात साचत राहते आणि तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन विरघळवते. कागद कारखान्यात लाकडाचा लगदा करायला कॉस्टिक सोडा याचसाठी वापरतात. जस्त जितकं जास्त, तितकं लाकडाचं नुकसान जास्त!

त्यामुळे नवं वायरिंग करताना फायबरच्या होडीसारखे सगळे धातू जस्तासकट एका तारेत ओवण्याचा आग्रह मला घातक वाटतो. चांगल्या ब्राँझची एकटी झडप जस्ताशिवायही कित्येक वर्षं टिकते. जस्त हवं ते होडी पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) आणि त्याचा दांडा यांच्यापुरतं, तेही व्होल्टेज मोजून.

बाकी वायरिंगचं गणित सरळ आहे. १२ व्होल्टवर १२०० वॉट हवे असतील तर १०० अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून केबल जाड घ्यायची, तीही कथिलाचा मुलामा दिलेली. खरी काळजी तळाशी साचणाऱ्या पाण्यातल्या पंपाची. त्याच्या तारेचा उघडा जोड त्या पाण्यात बुडाला की प्रवाह गळतो, आणि जो धातू एरवी वर्षानुवर्षं टिकला असता तो काही दिवसांतच खाल्ला जाऊ शकतो.

आणि पंप तर पहिल्याच दिवशी लागतो. दुरुस्तीच्या काळात फळ्या वाळून आकसलेल्या असतात. होडी पाण्यात उतरवल्यावर त्या फुगेपर्यंत सांध्यांतून पाणी येतच राहतं. ते दिसतंय म्हणून सांध्यांत आधीच कडक इपॉक्सी भरू नये. फळ्या तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतात, आणि त्यांना जागा मिळाली नाही तर आतल्या फासळ्यांवर ताण येऊन त्या तडकू शकतात.