सात मीटर जाडीची भिंत, आठवडाभरात शरण

उंच बुरूज म्हणजे भक्कम किल्ला, ही समजूत डोक्यातून जाता जात नाही. त्यामुळे फुजेरच्या किल्ल्यातले राऊल आणि स्युरिएन हे बुरूज बघणाऱ्याला बेढबच वाटणार. घोड्याच्या नालेसारखा आकार, उंची बेताची आणि भिंत मात्र सात मीटरपर्यंत जाड! फुजेर हे ब्रिटनीच्या पूर्व सीमेवरचं ठाणं. (ब्रिटनी म्हणजे ब्रिटन नव्हे, फ्रान्सच्या वायव्य टोकाची ही डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, तेव्हा बरीचशी स्वतंत्र होती.) ड्यूक दुसरा फ्राँस्वा याच्या काळात, १४८०च्या सुमारास, हे बुरूज उभे राहिले.

त्याच किल्ल्यातला मेल्युझीन बुरूज शंभर-दीडशे वर्षांनी जुना, तीसेक मीटर उंच आणि डौलदार. मेल्युझीन ही अर्धी नागीण असलेली परी. ती रातोरात किल्ले उभारायची म्हणे. लुझिन्याँ घराणं स्वतःला तिचे वंशज म्हणवायचं. दगड फोडून हाताला घट्टे पडले ते पाथरवटांच्या, श्रेय मात्र परीला!

शिडी लावून चढणाऱ्याला उंची अडवते. तोफेपुढे तीच उंची अंगाशी येते. गोळे तळाशी एका रेषेत मारत राहिलं की खाच पडते आणि वरचं शेकडो टन दगडकाम स्वतःच्याच वजनाने खाली येतं. झाड बुंध्याशी तोडतात तसंच.

पण हे जमायला दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. एक म्हणजे गोळा. १५ सेंटिमीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा भरतो पावणेपाच किलोच्या आसपास. तेवढाच बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोळा साडेबारा किलोंच्या आसपास. शिवाय दगडी गोळा भिंतीवर आपटून फुटतो आणि बरीच ऊर्जा स्वतःचे तुकडे करण्यातच घालवतो. बिडाचा गोळा सहसा फुटत नाही, आत घुसतो.

दुसरी गोष्ट तोफेच्या दारूची, आणि खरी गंमत इथे आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची पिठासारखी पूड नळीत दाबून बसली की कणांमध्ये फट उरत नाही. ज्योत पृष्ठभागावरून थराथराने आत सरकते. दाब हळूहळू चढतो आणि तोवर गोळा नळीबाहेर पडलेला असतो. तीच पूड ओली करून, वाळवून तिचे दाणे केले तर दाण्यांमधल्या पोकळीतून तप्त वायू सगळीकडे पसरतो आणि जवळपास सगळे दाणे एकदमच पेटतात. गोळा नळीत असतानाच दाब शिगेला पोहोचतो. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट, हे शाळेतलंच सूत्र. दाण्यांचा दुसरा फायदा म्हणजे गाडीत हिंदकळून घटक वेगळे होत नाहीत, भुकटीत व्हायचे.

मग फुजेर वाचलं का? नाही. जुलै १४८८मध्ये फ्रेंच सेनापती ला त्रेमुई तोफा घेऊन आला आणि आठवडाभरात ठाणं पडलं. बुरूज कितीही जाड केले तरी बाकीची तटबंदी जुनीच होती. त्यात किल्ला नाँसाँ नदीच्या वळणात, दरीच्या तळाशी. पूर्वी भोवतालचं पाणी आणि दलदल हेच त्याचं बळ होतं. तोफांच्या काळात मात्र आजूबाजूचे चढ शत्रूच्या सोयीचे झाले, आणि जागा काही बदलता येत नव्हती. २८ जुलैला सँ-ओबँ-द्यू-कॉर्मिएच्या मैदानात ड्यूकचं सैन्य हरलं. त्यानंतरच्या तहाने त्याच्या मुलींची लग्नंसुद्धा फ्रेंच राजाच्या संमतीशिवाय होणार नाहीत असं ठरलं. ९ सप्टेंबरला ड्यूक वारला आणि डची त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीकडे, ॲनकडे आली.