तणनाशक मारण्याआधी: लॉन आणि बागेसाठी माहितीपत्रक

'औषध मारले, पण तण हलले नाही' आणि 'तणाबरोबर लॉनही जळाले', या दोन तक्रारी आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. दोन्हींत दोष औषधाचा क्वचितच असतो. चुकते ती निवड, नाहीतर माप.

आधी तण ओळखा

माठ, घोळ, गाजरगवत ही रुंद पानांची तणे २,४-डी सारख्या निवडक तणनाशकाने जातात आणि रुजलेले लॉन टिकते. नवीन लॉनवर मात्र तीन-चार कापण्या होईपर्यंत ते मारू नका. ग्लायफोसेट निवड करत नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल ते झाड मरेल, मग ते लॉनचे का असेना. त्याची जागा फरशीच्या फटींत किंवा लॉन लावण्याआधीच्या मोकळ्या जमिनीवर. पेंडीमिथॅलिन हे उगवणपूर्व औषध आहे. ते मारून हलके पाणी द्यावे लागते, आणि डोके वर काढलेल्या तणाला ते काही करत नाही.

लव्हाळ्यात सगळ्यांची फसगत होते. दिसायला गवतच, पण दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन धारा लागतील. उपटला की वरचा भाग हातात येतो आणि गाठ जमिनीत राहते. तिथूनच तो पुन्हा फुटतो. लॉनमधल्या लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल लागते, तेही फुलावर येण्याआधी. एका फवारणीत तो संपेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माप

बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणे बंद करा. १० मीटर × १० मीटरचा चौकोन आखा, पंपात मोजून साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तेवढ्या जागेवर फवारा. समजा ५ लिटर पाणी लागले. लेबलवर एकरी १ लिटर मात्रा असेल, तर १०० चौरस मीटरला साधारण २५ मिली होते. म्हणजे ५ लिटर पाण्यात २५ मिली. हे आकडे उदाहरणाचे आहेत. मात्रा तुमच्या बाटलीवरचीच धरा.

'थोडे जास्त टाकू, लवकर मरेल' हा हिशेब उलटा पडतो. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरावे लागते. तीव्र द्रावणाने पान आधीच करपले, तर औषध खाली जात नाही आणि मूळ जिवंत राहते. पाणी स्वच्छ घ्या, कारण गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते. पाने धुळीने माखलेली असतील तरी तेच होते. फवारणीआधी आणि नंतर दोन-तीन दिवस लॉन कापू नका; औषध शोषायला पान हवे. परिणाम दिसायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर पुन्हा मारू नका.

वारा, ऊन आणि पंप

२,४-डी ची वाफही नुकसान करते. गुलाब, टोमॅटो, द्राक्षवेल यांची कोवळी पाने वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला, तर शेजारची फवारणी आठवा. तापमान ३० अंशांच्या वर असताना किंवा वाऱ्याने पाने सळसळत असताना फवारू नका. बारीक धुके पाडणारे नोझल नको; पंख्यासारखा सपाट फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावा, जमिनीजवळ धरा, शक्यतो फवारा उडू न देणारे हूड (नोझलभोवतीचे झाकण) बसवा.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, याबाबत आम्ही आग्रही आहोत. नळी, वॉशर आणि गाळणीत २,४-डी चा अंश राहतो. त्याच पंपाने नंतर गुलाबावर कीटकनाशक मारले की झाड वाकडे होते.

हाताळणी

हातमोजे आणि चष्मा झाकण उघडण्याआधी घाला. औषध सर्वांत तीव्र बाटलीतच असते. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, जुन्या टूथब्रशने साफ करा. पाने पूर्ण वाळेपर्यंत मुले आणि पाळीव प्राणी लॉनवर नकोत. फवारणीनंतर कापलेले गवत कंपोस्टमध्ये टाकू नका. पंप धुतलेले पाणी गटारात न ओतता त्याच जागेवर फवारा. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका.

अंगावर सांडले तर कपडे लगेच काढून साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटे. पोटात गेले तर उलटी करवू नका; बाटली लेबलसकट बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरकडे जा.