खंजिरीच्या ओळीतली म्हातारी माणसे : विदर्भातील सामुदायिक प्रार्थनेची पार्श्वभूमी

अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या अनेक खेड्यांत दिवेलागणीला आजही खंजिरी वाजते. प्रार्थना मंदिरात नाहीतर मारुतीच्या पारापुढे सतरंजी अंथरलेली असते, समोर मूर्तीऐवजी गादी-तक्क्याचे साधे अधिष्ठान असते, आणि भगव्या टोप्या घातलेली वडीलधारी माणसे व डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या ओळीने बसून एका सुरात प्रार्थना म्हणतात. तरुण चेहरा त्या ओळीत क्वचितच दिसतो. ही रीत म्हातारपणासाठीच निघाली असावी, असे नव्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे; पण ती निघाली होती सगळ्या गावासाठी, आणि त्यातही तरुणांना पुढे घालून.

या मातीतली भक्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. महानुभावांचे रिद्धपूर, जिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते ते वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, आणि तुकडोजी महाराजांची मोझरी ही तिन्ही गावे एकट्या अमरावती जिल्ह्यातली आहेत. कौंडिण्यपूरच्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. नामस्मरण, हरिपाठ, कार्तिकातली काकड आरती हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि उतारवयाशी त्याचे नाते पक्के होते. शास्त्रातला वानप्रस्थाश्रम कास्तकाराच्या वाट्याला कधी आला नाही. शेत मुलांच्या नावे झाले, बैलांचा कासरा त्यांच्या हाती गेला, की म्हाताऱ्याच्या हाती माळ यायची, एवढेच त्याचे वानप्रस्थ. मात्र हे नामस्मरण बहुधा ज्याचे त्याचे असे. घरातला एक कोपरा आणि एक माळ त्याला पुरत असे.

तुकडोजी महाराजांनी नेमके हे एकटेपण मोडले. १९०९ साली यावली येथे जन्मलेल्या आणि आडकोजी महाराजांना गुरू मानणाऱ्या या भजनकाराने १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी ते सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले, तेव्हा सर्वधर्म प्रार्थनेची शिस्त त्यांनी जवळून पाहिली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले, त्या उठावामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती; त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. ज्या सामुदायिक प्रार्थनेचा त्यांनी गावोगावी प्रसार केला, तिच्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे. ठरलेली वेळ, सरळ ओळ, जातीपातीचा विचार न करता शेजारी बसणे आणि सकाळी गावाची सफाई, असा तो एकत्र बांधलेला कार्यक्रम होता. ‘ग्रामगीते’त त्यांनी ग्रामसेवेपासून वेगळी अशी प्रार्थना कुठे मानलेली नाही, आणि मला त्यांच्या विचारातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सेवाग्रामपासून जवळच, पवनारला धाम नदीच्या काठी, या परंपरेची आणखी एक बाजू दिसते. विनोबांनी १९५९ मध्ये तिथे ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा आश्रम सुरू केला. तरुणपणी आलेल्या कितीतरी बहिणी तिथेच शेती, सफाई आणि प्रार्थना करत म्हाताऱ्या झाल्या. खुद्द विनोबांनी १९७० पासून क्षेत्रसंन्यास, म्हणजे ती जागा सोडून बाहेर न जाण्याचे व्रत, घेऊन तिथेच वास्तव्य केले. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले, आणि १५ नोव्हेंबरला, वयाच्या ८८ व्या वर्षी, शांतपणे देह ठेवला. त्या निर्णयावर तेव्हाही मतभेद झाले; पण मरणाकडे इतक्या सहजपणे पाहणारे म्हातारपण आपल्याच भागात, लोकांच्या डोळ्यांसमोर घडले, ही गोष्ट इकडची जुनी माणसे आजही आदराने सांगतात.

माझी आजी प्रार्थनेला जाऊ लागली ती लग्न होऊन या गावात आल्यावर, विशीच्या आत. शेवटच्या दोन वर्षांत तिला नातवंडांची नावे आठवेनाशी झाली होती, जेवण झाले की नाही हेही सांगता येत नसे. पण खंजिरीचा पहिला ठेका पडला की तिचे ओठ हलू लागत आणि प्रार्थना शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, म्हटली जाई. थंडीत गुडघे धरले म्हणून ती एखाद्या दिवशी गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी दारात उभी : “काहून वं माय, काल आली नाहीस?” प्रार्थनेचे सामर्थ्य म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी आधी हा प्रश्न सांगेन. ज्या घरात मुले पुण्याला किंवा नागपूरला आहेत आणि दिवसभर कोणी हाक मारत नाही, त्या घरातल्या माणसाची जागा गावाने संध्याकाळी एका ओळीत धरून ठेवलेली असते.

ही ओळ आज म्हातारी दिसते, याचे कारण तिच्या इतिहासातच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे जी पोरे महाराजांच्या खंजिरीमागे धावली, तीच त्या ओळीत वाढली, तिथेच पिकली, आणि त्यांच्या मागे बसणारी पुढची पिढी कामधंद्यासाठी गाव सोडून गेली. संध्याकाळी सातची वेळ टीव्हीनेही घेतली. मागे राहिलेल्यांनी मात्र वेळ बदलली नाही, आणि ज्यांच्यासाठी हे काम उभे राहिले होते ते परत येईपर्यंत ही ओळ तेच सांभाळत आहेत.

महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक जागच्या जागी स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. प्रवास झेपत होता तोवर आजी दरवर्षी जायची. पुढे त्याच वेळी ती घरच्या ओसरीवर, भिंतीचा आधार घेऊन, हात जोडून उभी राहायची. पाय थरथरत, तरी खाली बसत नसे.