एच५एन१ म्हटलं म्हणजे सगळं कळलं असं नाही: वाघ, गायी, सील आणि बर्ड फ्लूचे आठ तुकडे

डिसेंबर २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, सॅम्पल भोपाळच्या लॅबला गेले आणि जानेवारीत रिपोर्ट आला, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडले, तिथेही एच५एन१. अमेरिकेत गायींना झालाय तोही एच५एन१, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर सीलची पिल्लं ज्यानं मेली तोही एच५एन१. बातम्या वाचून असं वाटतं की एकच व्हायरस जगभर फिरतोय आणि जो सापडेल त्याला मारतोय. पण आडनाव पाटील आहे म्हणून सगळे पाटील एका घरातले नसतात ना, तसंच इथेही आहे.

या व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी आनुवंशिक माहिती, हा एक सलग धागा नाही, आरएनएचे (आरएनए म्हणजे डीएनएसारखाच माहिती साठवणारा रेणू) आठ वेगवेगळे तुकडे असतात, सगळे मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरं. एच आणि एन हे त्यातले फक्त दोन तुकडे, व्हायरसच्या बाहेरच्या अंगावर दिसणारी प्रोटीन्स तयार करणारे. पाणपक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार सापडतात, त्यातला पाचवा एच आणि पहिला एन म्हणून एच५एन१. बाकीचे सहा तुकडे कुठून आलेत, त्यांच्यात काय बदललंय, हे त्या नावात येतच नाही, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा त्या सहांमध्येच असते.

बदल दोन पद्धतीनं होतात. एक म्हणजे कॉपी करतानाच्या चुका. आपल्या पेशी डीएनएची कॉपी काढताना चुका तपासून दुरुस्त करतात, फ्लूच्या व्हायरसकडे ती सोयच नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या कॉपीत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असू शकतं. बहुतेक चुका व्हायरसलाच नडतात, पण एखादी कामाला येते आणि टिकते. दुसरी पद्धत जास्त मोठी. एकाच बदकाच्या एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू व्हायरस शिरले तर नवे व्हायरस बनताना आठ तुकड्यांची सरमिसळ होते, काही याचे काही त्याचे, आणि हिशोब केला तर २५६ जोड्या शक्य आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडच्या तळ्यांवर हजारो बदकं एकत्र येतात, त्यात त्याच वर्षीची पिल्लं असतात ज्यांना आधी कधी फ्लू झालेलाच नाही, व्हायरस आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो, थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो आणि तेच पाणी बाकीचे पितात. अशी सरमिसळ व्हायला याहून सोयीची जागा नाही.

आजच्या घातक एच५एन१ चं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमधल्या पाळीव हंसात सापडलं. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ गेली. मग २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो जंगली पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंस खूप होते, हेच पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे जायकवाडीला, विदर्भातल्या तलावांवर येतात. त्या छिंगहायच्या शाखेचा व्हायरस युरोप-आफ्रिकेपर्यंत पोचला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक झाला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, तोही याच शाखेचा. (याचा अर्थ हंसांनीच तो नवापूरला आणला असा होत नाही, कोंबड्यांची, पिंजऱ्यांची, गाड्यांची ने-आण हीसुद्धा व्हायरस पसरायची मोठी वाट आहे आणि दर वेळी सगळा दोष पक्ष्यांवर टाकणं मला पटत नाही.)

आता पक्ष्यातून सस्तन प्राण्यात जाताना काय होतं ते जरा जवळून बघू, कारण तिथेच सगळी गंमत आणि सगळी भीती आहे. आठातल्या पीबी२ नावाच्या तुकड्यापासून जे प्रोटीन बनतं ते व्हायरसच्या कॉपी-मशीनचा भाग असतं. हे मशीन एकटं चालत नाही, त्याला आपल्या पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रोटीन मदतीला लागतं. पक्ष्यांमधलं हे प्रोटीन आपल्यापेक्षा ३३ अमिनो ॲसिडनी (प्रोटीनच्या माळेतले मणी) लांब असतं. पक्ष्यांच्या व्हायरसचं मशीन त्या लांब प्रोटीनवर बसलेलं, त्यामुळे माणसाच्या किंवा वाघाच्या पेशीत आखूड प्रोटीन मिळालं की ते रखडत चालतं. पण पीबी२ मध्ये ६२७ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी लायसिन आलं, फक्त एक अमिनो ॲसिड बदललं, की आखूड प्रोटीनवरही मशीन जोरात चालायला लागतं. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ नं जो पशुवैद्य गेला त्याच्यातल्या व्हायरसमध्ये हाच बदल होता, २०२४ मध्ये टेक्सासच्या डेअरीतल्या कामगाराच्या डोळ्यातून मिळालेल्या व्हायरसमध्येही हाच.

आणि सगळे एकाच वाटेनं जातात असंही नाही. दक्षिण अमेरिकेत २०२२ च्या शेवटी व्हायरस पोचला, आधी पेलिकन आणि बाकी समुद्रपक्षी मेले, मग पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर सी लायन, मग २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची सुमारे १७ हजार पिल्लं, म्हणजे त्या हंगामात जन्मलेल्यांपैकी जवळजवळ सगळीच. तिथल्या व्हायरसमध्ये ६२७ ला हात लागलेला नाही, त्याऐवजी त्याच पीबी२ मध्ये ५९१ आणि ७०१ या जागा बदलल्यात. स्पेनमधल्या गॅलिसियात ऑक्टोबर २०२२ मध्ये मिंकच्या (फरसाठी पाळतात तो मुंगसासारखा प्राणी) फार्ममध्ये साथ आली तिथे २७१ वी जागा. अमेरिकन गायींमध्ये ६३१ वी. एकाच अडचणीवर प्रत्येक ठिकाणी वेगळा तोडगा, आणि तोही न ठरवता, फक्त असंख्य चुकांमधून जी चालली ती टिकली. सीलच्या बाबतीत तर ते बदल घेऊन व्हायरस परत पक्ष्यांमध्ये, टर्न नावाच्या समुद्रपक्ष्यांमध्येही गेलेला दिसला, म्हणजे सस्तन प्राण्यातून शिकलेलं पुन्हा पंखांवर बसून फिरतंय, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजीची वाटते ती हीच गोष्ट.

गायींचं प्रकरण सरमिसळीचं उत्तम उदाहरण आहे. २०२१ च्या शेवटी हा व्हायरस अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोचला आणि तिथल्या जंगली पक्ष्यांच्या साध्या, फारसा आजार न करणाऱ्या फ्लू व्हायरसशी त्याचे तुकडे मिसळले. त्यातून बी३.१३ नावाचा जो प्रकार झाला त्यात चार तुकडे बाहेरून आलेल्या व्हायरसचे आणि चार तिथल्या स्थानिक व्हायरसचे. सिक्वेन्स, म्हणजे तुकड्यांमधल्या अक्षरांचा क्रम, जुळवून बघितल्यावर असं दिसलं की पक्ष्यातून गायीत तो बहुधा एकदाच गेला, २०२३ च्या शेवटी किंवा २०२४ च्या सुरुवातीला, आणि पुढे दूध काढायच्या मशीनमधून, गायींच्या ने-आणीतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. गायीच्या कासेतल्या पेशींवर पक्ष्यांच्या फ्लूला चिकटायला लागणारी साखर भरपूर असते, म्हणून दुधात व्हायरस खच्चून सापडला आणि ते कच्चं दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरं मेली. २०२५ च्या सुरुवातीला नेवाडात डी१.१ हा वेगळाच प्रकार गायींमध्ये सापडला, त्यात स्थानिक पक्ष्यांचा एन होता आणि पीबी२ मध्ये ७०१ वी जागा बदललेली, तीच सीलमधली. दोन्हीकडे नाव मात्र एच५एन१च.

मग माणसात साथ का नाही आली? कारण कॉपी-मशीन सुधारणं हा एकच टप्पा आहे. व्हायरसला पेशीला चिकटावं लागतं आणि पक्ष्यांचा एच ज्या साखरेला चिकटतो ती आपल्या नाकाघशात कमी असते, आपल्याकडे त्याच साखरेची जोडणी वेगळी असते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी लॅबमध्ये दाखवलं की गायीतल्या व्हायरसच्या एच प्रोटीनमध्ये २२६ वी एक जागा बदलली तरी पसंती माणसाच्या साखरेकडे वळू शकते. लॅबमध्ये होणं आणि गोठ्यात होऊन टिकणं यात फरक आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण ती जागा कुठे बदलतेय का यावर डोळा ठेवायलाच हवा.

आपल्याकडची शाखा आणि वेगळी. भारत आणि बांगलादेशात बरीच वर्षं २.३.२.१ए ही शाखा (हे नंबर एच तुकड्याच्या वंशावळीवरून दिलेले असतात) कोंबड्या-बदकांमध्ये फिरतेय, अमेरिकेतली २.३.४.४बी. २०२४ मध्ये कोलकात्याला राहून ऑस्ट्रेलियाला परत गेलेल्या एका लहान मुलाला लागण झाल्याचं निघालं, तो व्हायरस तपासला तर एच २.३.२.१ए चा आणि आतले काही तुकडे २.३.४.४बी चे. म्हणजे आपल्या भागातही दोन शाखा कुठेतरी एका पक्ष्यात भेटल्या. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांमध्ये सापडला तो २.३.२.१ए, आणि छिंदवाडा नागपूरपासून काही फार लांब नाही.

टेक्सासमध्ये गायींचं दूध कमी झालं, घट्ट-पिवळं यायला लागलं, पण बर्ड फ्लूची टेस्ट झाली मार्च २०२४ मध्ये, मधले काही महिने व्हायरस गोठ्यागोठ्यात फिरत होता आणि त्याचा एकही सिक्वेन्स कुणाकडे नव्हता. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुरत नाही, कावळा असो, हंस असो की वाघ, आठही तुकडे वाचून ते लवकरात लवकर सगळ्यांसाठी खुले करायला हवेत. आपण काय करायचं तर गावात एकदम चार-पाच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावायचा नाही, कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ द्यायचं नाही आणि लगेच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. तिथून सॅम्पल पुण्याला पशुसंवर्धन खात्याच्या लॅबला आणि पुढे भोपाळला जातं. उशीर मात्र करू नका, कारण उन्हात दोन दिवस पडलेल्या पक्ष्यातून एच५ आहे इतकंच कसंबसं कळतं, आठही तुकडे वाचण्याइतका आरएनए त्यात बहुतेक उरलेला नसतो.