दिल्लीच्या चुली कोणी मांडल्या

दिल्लीला पहिल्यांदा गेलेला माणूस जेवणाच्या बाबतीत फसतो तो बहुधा वेळेपायी. ठिकाणाचे नाव त्याने लिहून आणलेले असते, पण दुपारी एकला तो जामा मशिदीपाशी निहारी, म्हणजे रात्रभर शिजवलेला मांसाचा रस्सा, मागतो, मे महिन्यात दुधाच्या फेसाची, थंडीतच होणारी दौलत की चाट शोधत किनारी बाजार पालथा घालतो आणि संध्याकाळी डाळ भरलेल्या बेडमी पुरीच्या दुकानासमोर उभा राहून घासलेल्या रिकाम्या कढया पाहतो. या शहरात पदार्थाला गल्लीही ठरलेली आहे आणि प्रहरही. हे कोणी आखून दिलेले नाही. राजधानीत सत्ता पालटली की कुणाचा तरी मुदपाकखाना बंद पडला, कुणाचे घरदार सुटले, कुणी नोकरीसाठी येऊन पडला. त्या प्रत्येकाने जिथे जागा मिळाली तिथे चूल मांडली.

सर्वांत जुना थर शाहजहानाबादचा. 1639 मध्ये पाया घातला गेला आणि 1648 मध्ये शाहजहान किल्ल्यात राहायला आला. आजही चांदनी चौकातून दरिबा ही गल्ली ओलांडून जामा मशिदीकडे दहा मिनिटे चालले की ताट पूर्ण बदलते. चौकाच्या बाजूला बनिया, जैन, खत्री व्यापाऱ्यांची वस्ती, म्हणून तिथे कचोरी, जिलबी, पराठे आणि कांदा-लसणाशिवायची भाजी. मशिदीच्या बाजूला कबाब, कोरमा, खमिरी रोटी. घंटेवाला हे मिठाईचे दुकान 1790 चे, म्हणजे दिल्लीत महादजी शिंद्यांचा शब्द चालत होता तेव्हाचे. 2015 मध्ये त्याने दार लावले तेव्हा सोहन हलव्यासाठी हळहळणारे निम्मे लोक तिथे कित्येक वर्षांत फिरकलेले नव्हते. दरिब्याच्या नाक्यावरचा जिलबीवाला 1884 पासूनचा. त्याची जिलबी बोटाएवढ्या जाडीची आणि तुपात तळलेली असते. आपल्याकडच्या नाजूक जिलबीच्या हिशेबाने पाव किलो घेतली तर चारच नग हातात येतात आणि दोन माणसांना ते संपवता येत नाहीत.

पराठेवाली गली 1870 च्या दशकात नावारूपाला आली. तिथला पराठा तव्यावर भाजत नाहीत. सारण भरून लाटलेली जाड पोळी उथळ लोखंडी कढईत, तुपात बुडवून तळतात आणि झाऱ्याने वरून दाबत राहतात. त्यामुळे तो पराठ्यापेक्षा पुरीचाच भाऊबंद लागतो. सोबत बटाट्याची रस्साभाजी, लाल भोपळ्याची आंबटगोड भाजी, चिंचेची गोड चटणी (सोंठ) आणि लोणचे. घरच्या आलू पराठ्याच्या अंदाजाने एकदम तीन मागवले की दुसऱ्यालाच हात टेकावे लागतात. एक बटाट्याचा किंवा मुळ्याचा, दुसरा रबडीचा, एवढे एका माणसाला पुरे. आणि मागवण्याआधी कढईकडे पाहावे: गर्दीच्या वेळी काही दुकाने पराठे अर्धवट तळून रचून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा बुडवून काढतात. दोनदा तळलेला पराठा कडेने चिवट होतो आणि मधे तूप धरतो.

1857 नंतर किल्ला इंग्रजांकडे गेला आणि शाही मुदपाकखान्याचे आचारी उघड्यावर आले. करीम हॉटेलचे घराणे आपली परंपरा त्याच मुदपाकखान्यापर्यंत नेते. कागदावर धरता येतो तो पुढचा भाग. 1911 च्या दरबारासाठी शहरात माणूस लोटला, तेव्हा हाजी करीमुद्दीन यांनी आलू गोश्त आणि डाळ-रोटी विकायला सुरुवात केली आणि 1913 मध्ये मशिदीच्या दक्षिणेला गली कबाबियांमध्ये हॉटेल उघडले. म्हणजे पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणल्याची घोषणा केली त्याच गर्दीच्या पोटावर जुन्या दिल्लीतले सर्वांत प्रसिद्ध हॉटेल उभे राहिले.

निहारीचे नावच ‘निहार’, म्हणजे सकाळ, या शब्दावरून आले आहे. पायाचे मांस आणि नळीची हाडे रात्री मंद आचेवर चढवतात, सहा-आठ तासांत मांस हाडापासून सुटते, मग भाजलेल्या कणकेच्या पाण्याने रस्सा दाट करतात. वरून आले, हिरवी मिरची, लिंबू. देग, म्हणजे मोठा हंडा, दिवसातून एकदाच लागते (काही ठिकाणी संध्याकाळी दुसरी लागते), आणि वरची तांबडी तरी पहिल्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला जाते. उशिरा पोहोचणाऱ्याला तळाचा पिठूळ भाग मिळतो आणि तो परत येऊन सांगतो की निहारीत काही राम नाही. सकाळी आठच्या आत पोहोचावे. सोबत खमिरी रोटीच घ्यावी. आंबवलेल्या जाड रोटीला रस्सा पिता येतो, रुमाली रोटीला येत नाही. रमजानमध्ये हाच परिसर सूर्यास्तानंतर जागा होतो, तेव्हा वेळापत्रक उलटे धरावे.

थंडीतली दौलत की चाट तर घड्याळापेक्षा थर्मामीटरवर चालते. दूध आणि साय एकत्र करून रात्री उघड्या थंडीत ठेवतात, पहाटे रवीने घुसळतात आणि वर येणारा फेस थराथराने उचलून परातीत रचतात. दवाने फेस धरतो अशी समजूत आहे. खरे काम थंडीचे. गार झालेली स्निग्धता हवेचे बुडबुडे धरून ठेवते, ऊन चढले की ती सैल पडते आणि फेसाचे पुन्हा दूध होते. म्हणून साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही सकाळी. द्रोणात घातल्यावर वर केशर घातलेला फेस, खवा, पिस्ता आणि बुरा, म्हणजे भुरभुरीत पिठीसाखर, पडते. फोटो काढेपर्यंत एक बोट खाली बसते. ढवळू नये.

(चांदनी चौकात पूर्वी कालवा वाहत होता, त्याचे पाणी बाधायचे, म्हणून हकिमांनी तिखट-आंबट चाट खायला सांगितली, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. कालवा होता, हे खरे. हकिमाच्या चिठ्ठीचे मात्र कुणी विचारू नये.)

जाण्याच्या दृष्टीने: लाल किल्ला ते फतेहपुरी या पट्ट्यात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे टॅक्सीने दारात उतरण्याचा बेत सोडावा. चावडी बाजार किंवा 2017 मध्ये सुरू झालेले जामा मशीद, ही मेट्रो स्टेशने सोयीची.

नवी दिल्ली 1931 मध्ये रीतसर सुरू झाली. कनॉट प्लेसचे बांधकाम 1929 ते 1933 चे. इथे आधी आला तो साहेबाचा चहा-केक: वेंगर्सची बेकरी तर या बांधकामाच्याही आधीची, 1926 ची, एका स्विस जोडप्याने सुरू केलेली. क्वालिटी 1940 चे, आइस्क्रीमपासून सुरुवात केलेले, आणि युनायटेड कॉफी हाउस 1942 चे. महायुद्धात शहरात आलेले गोरे सैनिक-अधिकारी हे त्यांचे गिऱ्हाईक. या ठिकाणांची छते आणि झुंबरे पाहण्यासारखी आहेत. जेवणापेक्षा दुपारच्या चहाला जावे. अपवाद क्वालिटीचा, आणि तिथे लोक आज ज्यासाठी जातात ते छोले-भटुरे साहेबाच्या यादीतले नव्हेतच. ते आले फाळणीबरोबर.

दिल्लीची आजची चव खऱ्या अर्थाने घडली ती 1947 नंतर. 1941 च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या 9 लाख 18 हजार होती, 1951 मध्ये ती 17 लाख 44 हजार झाली. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून सुमारे पाच लाख निर्वासित इथे आले, आणि तीन लाखांवर मुसलमान शहर सोडून गेले. ज्याच्याकडे ना जमीन ना भांडवल, त्याला एक तंदूर, एक पातेले आणि रस्त्याकडेची जागा एवढ्यावर धंदा करता येत होता. आज ‘दिल्लीचे’ म्हणून मिरवणाऱ्या पदार्थांतले निम्मे या माणसांनी आणलेले आहेत.

दरियागंजचे मोती महल पेशावरहून आलेल्या भागीदारांचे. तिथून तंदुरी चिकन सर्वत्र पसरले. त्याची रीत अशी: कोंबडी सोलून, चिरे पाडून दह्या-मसाल्यात मुरवायची, सळईला लावून चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या तंदुरात अर्धी शिजवायची, काढून टांगून निथळू द्यायची आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा आत सोडायची. या मधल्या टांगण्यातच कोंबडी सुकते. शीतकपाटे नव्हती, उरलेल्या सळया फेकवत नव्हत्या, म्हणून टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्शात तुकडे सोडायची युक्ती निघाली. तीच बटर चिकन. युक्ती कुणाची, यावरून कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी या दोन भागीदारांच्या वारसांचे भांडण 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचले. अख्ख्या काळ्या उडदाच्या दाल मखनीवरही दोघांचा दावा आहे.

दावा कुणाचाही असो, ताटात काय पाहायचे ते ठरलेले आहे. कोंबडी हाडासकट असावी आणि तिला तंदुराचा करपट वास असावा. पहिल्या घासाला टोमॅटोचा आंबटपणा यावा, साय मागाहून. रस्सा नारिंगी आणि गोड लागला, तुकडे पांढरे आणि बिनहाडाचे निघाले, की समजावे कोंबडी तंदुरात गेलीच नाही, उकडून रश्शात टाकली आहे. पर्यटकांच्या रस्त्यावर हल्ली हेच जास्त मिळते. दाल मखनीत राजमा जास्त दिसला तर तीही घाईत लावलेली. उडीद रात्रभर शिजावा लागतो, राजमा त्यामानाने लवकर दाट होतो.

छोले-भटुरे हा नाश्ता आहे, रात्रीचे जेवण नव्हे. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला सीताराम दीवानचंद हे या पदार्थाचे नामांकित दुकान; भटुऱ्यात पनीर आणि मसाल्याचे पातळ सारण असते. छोल्यांचा काळपट रंग चहापत्ती किंवा सुक्या आवळ्याबरोबर उकडल्याने येतो. भटुऱ्याचे पीठ मैदा-दह्याचे, काही तास आंबवलेले. सकाळी ते नेमके असते, दुपार उलटली की आंबून चामट होते आणि फुगलेला भटुरा ताटात येईपर्यंत बसतो. तेल कमी तापलेले असेल तर तो फुगण्याआधीच तेल पितो. बोटाने दाबल्यावर तेलाचा डाग राहिला तर दुसरा मागवू नये.

खान मार्केट हेही निर्वासितांचेच. 1951 मध्ये खाली दुकान, वर घर अशी वाटणी करून दिलेला बाजार, सरहद्द गांधींचे भाऊ डॉक्टर खान साहेब यांच्या नावाचा. आज तिथल्या एका कॉफीच्या पैशात पहाडगंजला दोघांचा नाश्ता होतो.

1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर भाषावार राज्ये झाली आणि राजधानीत प्रत्येकाची भवने-सदने वाढत गेली. आमदार, सचिव, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसे यांच्यासाठी त्यांत कँटीन आले, आणि राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून आचारी त्याच राज्यातून आणले गेले. दिल्लीत स्वस्त आणि अस्सल प्रांतीय जेवण मिळते ते या सरकारी सोयीमुळे. इंडिया गेटजवळचे आंध्र भवन यातले सर्वांत गाजलेले. आधी टोकन, मग रांग, मग दुसऱ्याचे जेवण संपण्याची वाट पाहत त्याच्या खुर्चीमागे उभे राहणे. यात लाजण्यासारखे काही नाही, सगळे तेच करतात. स्टीलच्या ताटात पुरी, भात, पप्पू (आंध्रची घट्ट डाळ), सांबार, रस्सम, भाजी, दही, गोड. वाढप पुन्हापुन्हा होते. मांसाहारी वाट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. भातावर पूड चटणी आणि तूप आधी, सांबार मग; उलट केले तर पूड विरघळून नुसता तिखटपणा उरतो. रविवारची बिर्याणी दुपार चढायच्या आत संपते.

महाराष्ट्र सदनाची कस्तुरबा गांधी मार्गावरची नवी इमारत 2013 ची, जुने सदन कोपर्निकस मार्गावर. सदनांची कँटीन बाहेरच्या माणसाला खुली असते की नाही, हे सदनागणिक आणि अधिवेशनाच्या गर्दीनुसार बदलते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवून फाटकावर विचारूनच आत जावे. सगळी राज्ये एका जागी चाखायची तर आयएनए भागातला दिल्ली हाट हा बाजार आहे, 1994 पासूनचा. तिकीट लागते, आणि स्टॉल चालवणारे बदलत असल्याने चवीची हमी नाही. ईशान्येकडच्या स्टॉलवर सहसा निराशा होत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी जुन्या राजेंद्र नगरात, म्हणजे आणखी एका निर्वासित वसाहतीत, राहणाऱ्या मराठी मुलांना मात्र रोज मेसची पिवळी डाळ आणि राजमा-चावलच असतो. पोळी मागितली की रोटी येते.

इंडियन कॉफी हाउस 1957 मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आले. कनॉट प्लेसमधली त्याची मूळ जागा आणीबाणीत पाडली गेली आणि ते मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर गेले. कॉफी बेताचीच. बसायला कुणी उठवत नाही, एवढ्यासाठी जावे.

निर्वासितांचे येणे 1947 वर थांबले नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांच्या चित्तरंजन पार्कात मासळीबाजार आणि संध्याकाळी चॉप-कटलेट. तिबेटमधून आलेल्यांच्या मजनू का टीला वसाहतीत मोमो आणि थुक्पा, म्हणजे शेवयांचे सूप. मोमोचे आवरण पातळ असून चिमटीने उचलताना फाटले नाही तर ताजे उकडलेले. आणि लाजपत नगर, जे पंजाबी निर्वासितांसाठीच वसवले होते, तिथल्या गल्ल्यांत आता फारसी अक्षरांच्या पाट्या दिसतात, कारण अफगाणिस्तानातून आलेली कुटुंबे तिथे भाड्याने राहिली. त्यांचा नान हातभर लांब, बोटांच्या खाचा पाडलेला. तो गरम असतानाच खावा, तासाभरात पुठ्ठा होतो. काबुली पुलावात गाजराचे काप आणि मनुका वर असतात, आणि मांसाचा तुकडा भाताखाली पुरलेला असतो. नुसताच भात आला म्हणून वेटरला हाक मारण्याआधी ताट उकरून पाहावे.